सेनोनचे चार आणि दोरोचं शून्य

सान्ता ब्रिहिदाच्या साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं ज्या काट्यावर वजन होतं, त्या काट्यावर ओतिलिया मेनर्ड बावीस वर्षं बसली आणि या बावीस वर्षांत तिच्या नजरेला एकही माणूस धड पडला नाही. गाडीवान लबाड, मुकादम लाळघोटे, इंजिनीअर बिनडोक, पाद्री झोपाळू. हे ती मनात ठेवत नसे. खिडकीतून तोंडावर सांगायची. तरीही लोक तिला मानानं दोन्या ओतिलिया म्हणत, कारण तिच्या काट्यात आणि तिच्या आकड्यात कधी चूक निघाली नव्हती.

रविवारी दुपारी ती कारखान्याच्या मैदानावर जाळीमागे एका उंच खुर्चीत बसायची आणि बेसबॉलच्या सामन्यांची नोंद ठेवायची. हे काम तिला वडिलांकडून आलं. म्हातारा जोसेफ मेनर्ड अँटिग्वा बेटावरून ऊस तोडायला आला, तेव्हा बरोबर क्रिकेटची बॅट घेऊन आला होता. बेटांवरचे ते लोक इथे आपसात क्रिकेट खेळत, आणि सात वर्षांची ओतिलिया झाडाखाली बसून धावा लिहीत असे. पुढे क्रिकेट खेळणारे मेले, म्हातारे झाले, पोरांनी गोल दांडकी हातात घेतली. म्हातारा त्या खेळाला कधी खेळ म्हणालाच नाही. ओतिलियाही प्रेमानं लिहीत नव्हती. दुसऱ्या कुणाला बसवलं तर तो गाढव शून्यसुद्धा वाकडं काढील, एवढ्याच कारणानं ती बसायची.

सेनोन पेगेरोबद्दल तिचं मत इतरांपेक्षा वेगळं नव्हतं. बॉयलरखान्यातला फिटर, तेहतीस वर्षांचा, बुटका, जाड मानेचा, चालताना पाय फाकवणारा. बोलणं कमी, आणि जे होतं ते बॉयलरबद्दल. तो कारखान्याच्या संघात नऊ वर्षं खेळत होता. बरा खेळायचा. तिच्या तोंडून 'बरा' हा शब्द निघणं म्हणजे पुष्कळच झालं.

खरं कौतुक सगळ्या गावाला होतं ते एलिओदोरो सांतीलचं. दोरो म्हणायचे त्याला. अठरा वर्षांचा, ताडासारखा उंच, डाव्या हातानं चेंडू फेकायचा आणि तो चेंडू समोरच्याला दिसायच्या आत मागच्याच्या हातमोज्यात जाऊन बसायचा. उत्तरेतल्या मोठ्या संघांची माणसं असल्या पोरांच्या शोधात जीपमधून गावोगाव फिरत. अशी एक जीप आली, की सान्ता ब्रिहिदातल्या प्रत्येकाला वाटायचं, आपलाच चुलत-मावस कुणीतरी आता विमानात बसणार.

तो चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमधला रविवार. ऊस गाळपाचे दिवस, हवेत मळीचा वास, समोर एल लिमोन कारखान्याचा संघ. दुपारी दोनला सामना सुरू झाला आणि पहिल्या तीन डावांत दोरोनं एल लिमोनच्या एकाही फलंदाजाला धड फटका मारू दिला नाही. चौथ्यातही नाही. फळ्यावर त्यांच्या नावापुढे शून्याला शून्य लागत गेलं. पाचव्या डावापासून लोकांनी श्वास रोखला. नऊ डाव संपेपर्यंत एकही फटका बसू न देणं काय असतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रेडिओवाला निकानोर तर प्रत्येक चेंडूला असा किंचाळत होता की जणू त्यालाच कळा येताहेत.

आणि या सगळ्या गडबडीत, मधल्या मधल्या वेळात, सेनोन पेगेरो फलंदाजी करत होता.

दुसऱ्या डावात बेसवर कुणी नसताना त्यानं चेंडू कुंपणापार धाडला. एकटाच तिन्ही बेसना वळसा घालून घरी, म्हणजे निघाला त्याच जागी, धावत आला; एक धाव. लोकांनी टाळ्या दिल्या. चौथ्या डावात एक गडी बेसवर होता. सेनोननं पुन्हा कुंपण ओलांडलं, दोघे घरी आले. टाळ्या पडल्या, जरा कमी. सहाव्या डावात तिन्ही बेस भरलेले होते. त्याच घडीला तिसऱ्या बेसमागच्या रस्त्यावर धूळ उडाली आणि जीप येऊन थांबली. कोरी पांढरी टोपी घातलेला एक माणूस चेंडूचा वेग मोजायचं यंत्र घेऊन उतरला. अख्ख्या मैदानाच्या माना तिकडे वळल्या. सेनोनचा चेंडू मळीच्या टाकीवर जाऊन ठणकन आपटला, तेव्हा लोकांनी मागे वळून विचारलं, "काय पडलं रे?" चार गडी घरी येऊनही गेले होते.

आठव्या डावात सान्ता ब्रिहिदाकडे दहा धावा होत्या, एल लिमोनकडे शून्य, आणि दोरोला फक्त तीन गडी बाद करायचे उरले होते. पण त्याआधी त्याच्याच संघाची फलंदाजी संपेना. दोन गडी बेसवर, आणि सेनोन पाय फाकवत बॅट घेऊन आला. आता मात्र लोक खवळले.

"बाद हो की मेल्या! दहा झाल्या, अजून काय पाहिजे तुला?"

"पोराचा खांदा गारठतोय तिकडे! जीपवाला निघून गेला तर तुझा बाप देणार आहे का त्याला विमानाचं तिकीट?"

"जा घरी, बायकोनं भात लावलाय!"

मैदानात शिट्ट्या सुरू झाल्या. प्रशिक्षकानं बाकावरून हातानं खूण केली, की नुसती हवेत फिरव आणि ये बसायला. सेनोननं दोन चेंडूंवर हवेत बॅट फिरवली. तिसरा चेंडू उजव्या कुंपणावरून पार उसात गेला. तीन गडी घरी आले. शिट्ट्या वाढल्या. कुणीतरी संत्र्याची साल फेकून मारली.

नवव्या डावात दोरोनं उरलेले तिघे टिपले आणि गाव वेडं झालं. त्याला खांद्यावर घेतलं, त्याच्या आईला खांद्यावर घेतलं, नंतर चुकून जीपवाल्यालाही घेतलं. अंधार पडायच्या आत दोन डुकरं भाजायला घेतली गेली.

ओतिलिया त्या जत्रेला थांबली नाही. घरी आली, आल्याचा चहा केला, बापाला दिला आणि जेवणाआधी वहीतल्या रकान्यांची बेरीज करायला बसली. सेनोनच्या नावापुढे तिनं चार होमरन, म्हणजे कुंपणापारचे फटके, मोजले. एका सामन्यात चार, हेच दुर्मीळ. मग तिची पेन्सिल थांबली. पहिल्यात एक धाव, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात तीन. एक, दोन, तीन, चार. कुंपणापार चेंडू मारून जितक्या प्रकारे धावा करता येतात, तितक्या सगळ्या प्रकारे, एका दुपारी, एकाच माणसानं केल्या होत्या. याहून वेगळा प्रकार शिल्लक नव्हता. तिनं पुन्हा तपासलं. वडिलांपासूनच्या एकतीस वर्षांच्या वह्या कपाटात होत्या, त्याही काढल्या. एकही फटका बसू न देणारे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, त्यांत चार सापडले. हे मात्र एकदाही नव्हतं.

तिनं बापाला सांगितलं. म्हाताऱ्यानं चहाचा घोट घेतला.

"आणि तू तिथं बसून काय बघत होतीस, पोरी?"

ओतिलियानं पुन्हा पानाकडे बघितलं. हाताखाली स्वतःच्याच अक्षरातली नोंद होती. चारही फटके तिनंच लिहिले होते, आणि तिला एकही दिसला नव्हता.

सोमवारी सकाळी ती काटा सोडून बॉयलरखान्यात गेली. असं बावीस वर्षांत प्रथमच झालं. सेनोन एका झडपेखाली उताणा पडला होता.

"सेनोन, काल किती मारलेस?"

"तीन." मग विचार करून, "चार का?"

"चार. एक, दोन, चार, तीन धावांचे. असं कुणी केलेलं नाही."

"हं." तो झडपेखालून बाहेर आला, हात पुसले. "दोन्या, शेवटच्या वेळी पहिले दोन मी मुद्दाम सोडले. प्रशिक्षक साहेबांनी सांगितलं होतं. तिसऱ्यालाही सोडणार होतो, पण चेंडू असा काही समोर आला, जमलंच नाही हो चुकायला."

"मग बरं झालं की."

"बरं काय? लोक आईवरून शिव्या देत होते. आणि राग मानू नका, पण मागून तुमचाही आवाज आला. 'आटप लवकर' म्हणालात. तुमचा आवाज ओळखू येतो. काट्यावर गाडीवानांना ओरडता ना, तसाच."

हे तो कुरकुरत बोलला नाही. पाइपाला गळती आहे असं सांगावं, तसं सांगितलं आणि पुन्हा झडपेखाली सरकला. ओतिलिया उभी राहिली. तिला आठवलं. ती खरंच म्हणाली होती.

आता एखाद्या साध्या बाईनं गप्प बसून घरी जाऊन प्रार्थना केली असती. ओतिलियाला लाज वाटली की राग येत असे, आणि राग आला की तो दुसऱ्यावर काढायला ती बाहेर पडत असे. तिनं वही काखोटीला मारली आणि थेट निकानोरकडे गेली.

निकानोर केशकर्तनालयाच्या माळ्यावरून रेडिओ चालवायचा. त्यानं पान बघितलं, डोकं खाजवलं.

"दोन्या ओतिलिया, याला म्हणतात काय?"

"काय म्हणजे?"

"नाव काय याचं? एकही फटका बसला नाही, त्याला नाव आहे. पाच वर्षांच्या पोराला कळतं. याला नाव नाही. मी माइकवर ओरडू काय? 'हो बंधूंनो, एक, दोन, चार, तीन'? लोकांना वाटेल लॉटरीचे आकडे सांगतोय."

"मग तू दे नाव. तोंड एरवी बंद नसतं तुझं."

"नाव देऊन काय उपयोग? शून्य कसं, डावामागून डाव वाढत जातं. माणसाला आधीच कळतं काय होणार आहे, मग तो धरून बसतो, लघवीलाही उठत नाही. हे तुमचं आधी कळतच नाही. झाल्यावर कळतं. झालेल्या गोष्टीसाठी श्वास कोण रोखणार? तुम्हाला तरी कधी कळलं?"

तिनं वही मिटली. "तुझ्या डोक्यात खालचे कापलेले केस भरलेत," म्हणाली आणि जिना उतरली.

लीगचे अध्यक्ष वकील आब्रेउ. हे गृहस्थ आयुष्यात एकदाही न्यायालयात उभे राहिले नव्हते, पण सत्कार म्हटला की सगळ्यांत आधी उभे. ते दोरोच्या मिरवणुकीची कमान कुठं लावायची ते ठरवत होते. त्यांनी ओतिलियाला बसायलाही सांगितलं नाही.

"बाई, नीट विचार करा. बेसवर माणसं होती म्हणून धावा झाल्या ना? ती माणसं काय पेगेरोनं उभी केली? एक होता, दोन होते, तीन होते, हा योगायोग. योगायोगाचा सत्कार कसा करायचा?"

"आणि दोरोच्या मागे आठ माणसं पळत होती, चेंडू झेलत होती, तो काय योगायोग नाही?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"ते लोकांना आवडतं," आब्रेउ म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेलं आयुष्यातलं हे बहुधा एकमेव खरं वाक्य.

तिनं राजधानीतल्या एका वर्तमानपत्राला स्वच्छ अक्षरात पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी चौथ्या पानाच्या तळाला, टायरच्या जाहिरातीखाली तीन ओळी आल्या. 'रामोन पेगेरो या खेळाडूनं तीन होमरन मारून एलिओदोरो सांतीलच्या ऐतिहासिक कामगिरीला हातभार लावला.' नाव चूक, आकडा चूक, आणि हातभार. ओतिलियानं ते कात्रण बापाला वाचून दाखवलं. म्हातारा बराच वेळ हसला.

"शंभराला शंभर म्हणतात म्हणून लोक टोप्या उडवतात," तो म्हणाला. "अठ्ठ्याण्णववर बाद झालेल्याला कुणी विचारतं का? पण माणूस तेवढाच घामाघूम झालेला असतो."

"हे अठ्ठ्याण्णव नाहीत, बाबा. हे दोनशे आहेत."

"मग ओरड जाऊन. तुझा आवाज मोठा आहे."

दोरो मे महिन्यात विमानात बसला. सान्ता ब्रिहिदात त्या दिवसापासून दर मार्चला 'शून्याचा रविवार' साजरा होऊ लागला. डुकरं भाजायची, कमान उभारायची, आब्रेउंचं भाषण. मैदानाच्या भिंतीवर दोरोचं चित्र काढलं, त्यात चित्रकारानं त्याला उजव्या हातानं चेंडू फेकताना दाखवलं. चार वर्षं कुणाच्या ते लक्षात आलं नाही. ओतिलियाच्या आलं होतं. तिनं मुद्दाम सांगितलं नाही.

सेनोननं पुढे दोन हंगाम खेळून सोडून दिलं. गुडघा गेला. त्याच्या निरोपाला कमान नव्हती. शेवटच्या सामन्यात त्याला एकही फटका जमला नाही आणि ओतिलियानं तेही नीट लिहिलं. वही मात्र ती काट्याच्या खणात ठेवायची. कुणी गाडीवान खिडकीपाशी रेंगाळून दोरोच्या गप्पा मारू लागला, की ते पान त्याच्या नाकासमोर धरायची. गाडीवान बघायचे, मान हलवायचे आणि विचारायचे, "बरं, पण गाडी कधी घेताय?"

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत दोरो परत आला. उत्तरेत त्याचा खांदा तीन वेळा उघडून शिवला होता आणि आता तो हात डोक्याच्या वर जात नव्हता. गावानं दोन दिवस हळहळ केली आणि मग मामानं त्याला उसाच्या ट्रकवर बसवलं. काट्यावर त्याचा ट्रक पहिल्यांदा आला, तेव्हा ओतिलियाच्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं ज्याच्या नावानं ती जळत होती, तो खिडकीत उभा राहून नम्रपणे पावती मागत होता.

"घे. आणि तुझं शून्य बाहेर ठेव, इथं माझे आकडे चालतात," ती म्हणाली.

दोरोला राग आला नाही. तो वाकून खणातल्या वहीकडे बघत होता. "दोन्या, ती त्या दिवसाची वही ना? लोक म्हणतात तुम्ही सेनोनचं पान दाखवता."

"तुला काय त्याचं?"

"काही नाही. मी बघितलं होतं ते."

"काय बघितलंस? तू तर खांद्यावर नाचत होतास."

"ते नंतर. आधी मी बाकावर होतो. असं शून्य चाललं असलं की पिचरशी कुणी बोलत नाही, अपशकुन म्हणून. शेजारीही बसत नाहीत. पाचव्या डावापासून मी एकटा. काय करणार? समोर सेनोन मारत होता, ते बघत बसलो. सहाव्यात चार झाल्या, तेव्हा लक्षात आलं, एक झाली, दोन झाल्या, चार झाल्या, आता फक्त तीनाची राहिलीय. आठव्यात दोघे बेसवर गेले आणि मी बाकावरून उठून उभा राहिलो. माझ्या स्वतःच्या शून्याची एवढी काळजी वाटली नव्हती."

ओतिलियानं त्याच्याकडे बघितलं. हे गाव तिला पुरतं माहीत होतं. सत्काराच्या वासावर ही माणसं आपण आपल्या जन्मालाही हजर होतो अशा थापा मारत.

"बेसवर कोण दोघे?"

"तिसऱ्यावर बार्तोलो, पहिल्यावर फेलो. फेलोची बुटाची नाडी सुटली होती."

"पहिले दोन चेंडू?"

"मुद्दाम सोडले. पहिल्याला बॅट इतकी उशिरा फिरवली की आंधळ्यालाही कळलं असतं. साहेब म्हणाले 'बाद हो', आणि मी मनात म्हणत होतो, मार रे, मार. थांबू दे मला अजून अर्धा तास, हात गळून पडला तरी चालेल, पण हा मार."

मागे चार ट्रक अडकले होते आणि त्यांचे भोंगे सुरू झाले. ओतिलियानं खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांना एक सणसणीत शिवी हासडली. मग वही उघडून पानाच्या समासात बोट ठेवलं.

"इथं सही कर. साक्षीदार म्हणून."

दोरोनं डाव्या हातानं, जपून, पूर्ण नाव लिहिलं. ओतिलियानं वाचलं. त्याच्या नावाच्या सुरुवातीला स्पॅनिशमध्ये जे 'एच' लिहायचं असतं पण उच्चारायचं नसतं, ते त्यानं गाळलं होतं.

"अख्खी भिंत रंगवलीय तुझ्या नावानं, आणि तुला स्वतःला लिहिता येत नाही? घाल ते अक्षर. वर घाल, बारीक."

त्यानं घातलं. संध्याकाळी तो बॉयलरखान्यातही जाऊन आला, असं तिला नंतर कळलं. सेनोननं सगळं ऐकून घेतलं म्हणे, आणि एवढंच विचारलं, की खांदा पावसाळी हवेत दुखतो का, आणि त्यावर चोळायला बॉयलरचं कोमट तेल बाटलीत भरून दिलं.

मार्च आला. शून्याचा रविवार, आणि भाषणांनंतर सामना. व्यासपीठावर आब्रेउ तासभर बोलले आणि मग दोरोला पुढे ढकललं, दोन शब्द बोल म्हणून. दोरोनं माइक धरला.

"त्या दिवशी मोठं काम मी केलं नव्हतं," तो म्हणाला. "ते सेनोन पेगेरोनं केलं. एकाच सामन्यात एक, दोन, तीन आणि चार धावांचे होमरन मारले. असं कुणी करत नाही. आणि आपण त्याला शिट्ट्या मारल्या. दोन्या ओतिलियांच्या वहीत लिहिलेलं आहे, मी सही केलीय."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कमानीवरचे फुगे फुटले. लोक उभे राहिले. निकानोर माइकवर ओरडला: "बंधूंनो, काय हे मन! आपलं मोठेपण दुसऱ्याच्या पदरात टाकणारा आपला दोरो!" आब्रेउंनी त्याला मिठी मारली. दोरो हात हलवून काहीतरी सांगू बघत होता, पण बँड सुरू झाला होता. सेनोन तिथे नव्हता. त्याची पाळी होती.

ओतिलियाच्या खुर्चीपुढे नव्या गवती टोपीतली एक बाई बसली होती, आब्रेउंची मेहुणी. तिनं मागे वळून डोळे पुसले.

"बघा ना, दोन्या. एवढा नावाजलेला, पण गर्व म्हणून नाही. दुसऱ्याचं नाव घेतलं."

"कुणाचं घेतलं?"

बाईनं आठवून बघितलं. "ते... बॉयलरवरचा कोण तो... रामोन की काय."

"बाई," ओतिलिया पेन्सिलीला टोक काढत म्हणाली, "ती टोपी उतरवा. मला तिसरा बेस दिसत नाहीये."